सात वाजता गुडघ्यावर

सलूनवाल्याच्या हातांना कामाचा क्रम पाठ होता. दाढी झाली की तुरटी, तुरटीनंतर गार पाण्याचा हबका, मग मऊ ब्रशने मानेवरचे केस झाडायचे, अंगावरचं कापड अलगद काढायचं आणि ते दारापाशी झटकता झटकता म्हणायचं, "प्रार्थना करतो हं तुमच्यासाठी." तुरटीइतकंच हे वाक्यही गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडलं होतं. एखाद्या दिवशी तो म्हणायचा विसरला, तर माणूस खुर्चीतून उठून उगाच कंगवा चाचपत उभा राहायचा, काहीतरी राहिलंय अशा चेहऱ्याने.

तो खोटारडा नव्हता, हे आधी सांगायला हवं. मान मागे टाकलेली, गळ्यावर वस्तरा आणि समोर आरशात आपलंच तोंड, अशा अवस्थेत माणसाला आपली सगळी दुखणी आठवतात. कोणाची सून बोलत नसायची, कोणाचा मुलगा गणितात गटांगळ्या खात असायचा, कोणाच्या गुडघ्यात पाणी झालेलं असायचं. सलूनवाला मनापासून ऐकायचा, मनापासून हळहळायचा आणि मनापासूनच प्रार्थनेचा शब्द द्यायचा. ते मन गिऱ्हाईक दुकानाच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत टिकायचं. मग पुढचं डोकं यायचं.

घरी तो प्रार्थना करायचाच. जेवणाआधी करायचा. रविवारी चर्चमध्ये तर खणखणीत आवाजात करायचा, इतक्या की पुढच्या बाकावरची पोरं दचकून मागे बघायची. आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या "प्रभू, सगळ्यांना सांभाळ" असं म्हणून कूस बदलायचा. त्या एका 'सगळ्यांना'च्या पांघरुणाखाली सून, गणित आणि गुडघे एकत्र झोपी जायचे.

ड्रायव्हर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तीस वर्षं बस चालवलेला, एकटा राहणारा, बोलायला फटकळ. देवाच्या बाबतीत तो फलाटावर उभं राहून गाड्या बघणाऱ्यांपैकी होता. सगळ्या गाड्यांच्या वेळा ठाऊक, पण बसायचा मात्र एकाही गाडीत नाही. सलूनवाल्याला तो 'कात्रीवाल्या' म्हणायचा आणि त्याच्या चर्चला 'तुमचं ते रविवारचं'.

तर या ड्रायव्हरला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. समोरून अंगावर ट्रक आला तरी न डगमगणारा हा गडी, डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा म्हटलं की खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरायचा. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याशिवाय पुन्हा बस मिळणार नव्हती. तोवर त्याला बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं, माइकवरून गाड्या पुकारायला. बस चालवणाऱ्याला बस पुकारायला लावणं म्हणजे पोहणाऱ्याला टॉवेल सांभाळायला ठेवणं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

पहिला डोळा करायचा होता मंगळवारी सकाळी सात वाजता. आदल्या शनिवारी तो दाढीला आला तेव्हा गप्प होता, आणि तो गप्प आहे हे पाहून सलूनवाल्याला भडभडून आलं. नेहमीच्या वाक्यावर त्याचं समाधान होईना. तो म्हणाला, "घाबरू नकोस. मंगळवारी सात वाजता मी घरी गुडघ्यावर असेन. तू तिकडे आडवा, मी इकडे गुडघ्यावर."

मंगळवारी सात वाजता तो गुडघ्यावर होताही, पण स्वयंपाकघरातल्या सिंकखाली. नळ गळत होता. ड्रायव्हरचं ऑपरेशन त्याला आठवलं ते गुरुवारी, समोरच्या रस्त्याने काळा चष्मा घातलेला एक माणूस गेला तेव्हा. कात्री हातात तशीच धरून तो दारापर्यंत गेला. मग डोळा उत्तम झाल्याचा निरोप आला आणि तो पुन्हा पुढच्या डोक्याकडे वळला.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, ड्रायव्हर केस कापायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने आरशात बघून सांगितलं, की कात्रीवाल्या, तुझ्या कानात केस आहेत, हे मला आजवर दिसलं नव्हतं. नव्या डोळ्याचं कौतुक करून झाल्यावर त्याने ऑपरेशनची हकिगत सांगितली. टेबलावर राजासारखा पडलो होतो, म्हणाला. सिस्टरने नाडी बघितली आणि विचारलं, झोप लागली का काय. भीती म्हणून वाटली नाही, कारण घड्याळात सात वाजलेले दिसले आणि त्याला ठाऊक होतं, की इकडे कात्रीवाला गुडघ्यावर आहे.

सलूनवाल्याच्या हातातली कात्री हवेतच दोनदा चालली.

आता दुसरा डोळा पुढच्या मंगळवारी, पुन्हा सात वाजता. आणि ड्रायव्हरचं एक मागणं होतं. तो अशा माणसांपैकी होता, की ज्या पेनाने एक परीक्षा पास झालो त्याच पेनाने सगळ्या परीक्षा देणार.

"त्या दिवशी जे शब्द म्हणालास ना, तेच म्हण," त्याने सांगितलं. "एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. आणि मला कागदावर लिहून दे. मीही तिकडून म्हणेन."

सलूनवाल्याने ब्रश उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि शनिवारी दाढीला येशील तेव्हा देतो, असं काहीसं पुटपुटला. कापड झटकताना नेहमीचं वाक्य तोंडात आलं होतं. ते त्याने खोकून घालवलं.

घरी तो कागद-पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. चार वर्षांच्या मुलांकडून खरं काढून घ्यायची तिची एक रीत होती. ती रागवायची नाही, आवाज चढवायची नाही. शेजारी बसायची आणि म्हणायची, "बरं. आणि मग?" तीन-चार 'आणि मग' झाले, की कोणी कोणाचा खडू खाल्ला ते आपोआप बाहेर यायचं. नवऱ्याचं सगळं पाच 'आणि मग'मध्ये बाहेर आलं.

तिने कोरा कागद आपल्याकडे ओढला. मग तिने विचारलं, की त्या मंगळवारी सात वाजता तुम्ही नेमकं काय म्हणालात, ते तरी आठवतं का.

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "म्हणालो, दहाचा पाना दे, हा बसत नाही."

"मग तेच लिहा," ती म्हणाली. "त्यांना तेच शब्द हवेत ना."

त्याला हसू आलं आणि लगेच हसू आल्याची लाजही वाटली. तो आपली बाजू मांडू लागला. तशी बाजू अगदीच लंगडी नव्हती. माणूस आधीच भित्रा. ऑपरेशनच्या तोंडावर त्याचा धीर खचवून काय साधणार? डोळा बिचकला तर? त्यापेक्षा आता चार चांगले शब्द लिहून द्यावेत, मंगळवारी खरोखर गुडघे टेकावेत आणि बुधवारी डोळा सुखरूप झाल्यावर सगळं कबूल करावं. बुधवारी सांगितलं काय आणि शनिवारी सांगितलं काय, खरं ते खरंच.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बुधवारी सांगा. पण मंगळवारी भाऊजी कोणाच्या भरवशावर आडवे होणार?"

"माझ्या."

"बरं. आणि तुम्ही भरवशाचे आहात का?"

त्याने कागदाची घडी घातली आणि पेनाला टोपण लावलं.

पण शनिवार यायला अजून दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत त्याला एक भलतीच युक्ती सुचली. आजवर ज्या ज्या प्रार्थना करायच्या राहून गेल्या त्या सगळ्या आता करून टाकायच्या, म्हणजे मन साफ होईल. गुरुवारी पहाटे उठून तो स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसला. माणसांचे चेहरे आठवेनात, पण डोकी बरोबर आठवत होती. दोन भोवरेवाला, त्याला नोकरी लागावी. ती लागून तो आता निवृत्तीच्या गोष्टी करत होता. पुढून विरळ होत चाललेला, त्याचं लग्न ठरावं. ते होऊन थोरला मुलगा परवाच पहिल्यांदा केस कापायला आला होता आणि त्याने रडून दुकान डोक्यावर घेतलं होतं. मागे चपटं डोकं, गुडघ्यात पाणी. तो माणूस काल बसमागे धावताना दिसला होता. "प्रभू, हे सगळं तू माझ्याशिवायच उरकलंस," सलूनवाला म्हणाला, आणि आतल्या खोलीतून बायको हसल्याचा आवाज आला.

शुक्रवारी आठवता आठवता एक मान आठवली. डाव्या कानाखाली चामखीळ. घड्याळं दुरुस्त करणारे काका. त्यांचं मागणं एकच होतं, की लांब गेलेल्या मुलाने एखादं पत्र तरी लिहावं. दर पंधरवड्याला ते दाढीला यायचे, दर पंधरवड्याला तेच सांगायचे, आणि दर पंधरवड्याला सलूनवाला कापड झटकत शब्द द्यायचा. पत्र आलं नाही. गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्यासाठी आपण एकदासुद्धा, अगदी चालता चालतासुद्धा, नाव घेऊन काही मागितलं नाही, हे सलूनवाल्याला त्या फरशीवर बसून पहिल्यांदा नीट कळलं. आपण मागितलं असतं तर पत्र आलंच असतं, असं त्याचं म्हणणं नव्हतं. पण काका दोन पायऱ्या उतरून जाताना दर वेळी समजत होते, की आपल्या काळजीत आता आणखी एक माणूस आहे. आणि ते एकटेच होते.

बायकोने आतून विचारलं, इतकं शांत का. तो फरशीवरून उठला. युक्ती तिथेच संपली.

शनिवारी ड्रायव्हर आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. सलूनवाल्याने कापड बांधलं, दोन्ही गालांवर फेस केला आणि उजवा गाल गुळगुळीत करून घेतला. तेवढं धैर्य गोळा करायला त्याला एक गाल लागला. मग डाव्या बाजूला येऊन तो थांबला. ड्रायव्हरने फेसातून विचारलं, कागद आणलास का.

"नाही आणला," सलूनवाला म्हणाला. "त्या दिवशी मी प्रार्थना केलीच नव्हती. तुला शब्द दिला आणि विसरलो. सात वाजता मी नळ दुरुस्त करत होतो."

ड्रायव्हर आरशातून त्याच्याकडे बघत राहिला. एक नवा डोळा, एक जुना.

"कुठला नळ?"

"सिंकचा."

"झाला?"

"नाही. अजून गळतो."

ड्रायव्हर उठला. गळ्याभोवती कापड, एका गालावर फेस. वस्तऱ्याला वळसा घालून तो दारापर्यंत गेला आणि तिथे थांबून म्हणाला, की मग मंगळवारी मी काही जात नाही. एका डोळ्याने गाड्या पुकारता येतात. आणि दोन पायऱ्या उतरून, तसाच कापडासकट, बसस्थानकाच्या दिशेने चालू लागला. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन वाट देत होती. अशा माणसाशी हुज्जत घालायला कोण जाणार.

सलूनवाला थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. खरं बोललं की हलकं वाटतं, असं तो चर्चच्या रविवारच्या वर्गात मुलांना सांगत आला होता. आता त्याला हलकंबिलकं काही वाटत नव्हतं. आपल्यामुळे एका ड्रायव्हरची बस कायमची जाणार, हे त्याला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. त्याने वाटी, ब्रश, वस्तरा आणि टॉवेल घेतला, दुकानाला कडी घातली आणि तोही निघाला.

चौकशीची खिडकी म्हणजे काचेचं एक खोकं होतं. आत एक खुर्ची, एक स्टूल, माइक आणि माइकचं बटण. ड्रायव्हर अर्ध्या दाढीने आत बसला होता. फेस वाळून गालाला खपली धरल्यासारखा झाला होता. खिडकीबाहेरची एक बाई गाडीची वेळ विचारायला आली होती, पण त्याच्याकडे बघून तिने वेळापत्रक स्वतःच वाचायचं ठरवलेलं दिसत होतं.

सलूनवाला न विचारता आत शिरला आणि फेस घोटायला लागला. ड्रायव्हरने अडवलं नाही, कदाचित गाल खाजत असावा म्हणून. त्याने बटण दाबून फलाट दोनची गाडी पुकारली, बटण सोडलं आणि समोर बघतच बोलायला सुरुवात केली.

त्याला राग कशाचा आला होता, ते त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, कारण मधून मधून गाड्या येत होत्या. विसरण्याचा राग नव्हता. माणूस विसरतो. तो स्वतः एकदा कंडक्टरला मागे विसरून तीन थांबे पुढे गेला होता. राग याचा होता, की तो तिथे इतका निवांत पडला, ते सगळं फुकटच. फलाट चारची गाडी पंधरा मिनिटं उशिरा. म्हणजे त्या वेळी तो खरा एकटाच होता, आणि एकटं असताना हसत होता, वेड्यासारखा.

सलूनवाल्याची नजर माइककडे गेली.

"बटण बंद आहे," ड्रायव्हर म्हणाला. "मी तुझ्यासारखा नाही. मी बघून घेतो."

हे लागलं, आणि लागावं म्हणूनच म्हटलं होतं. सलूनवाला मुकाट्याने डावा गाल खरवडत राहिला.

"आत नेताना मी काय म्हणालो माहीत आहे?" ड्रायव्हर म्हणाला. "मनातल्या मनात. म्हटलं, देवा, मला तुझ्याशी बोलता येत नाही. पण तो कात्रीवाला आत्ता बोलतोय ना, त्याचं ऐक. एवढं म्हटलं आणि गार पडलो."

वस्तरा थांबला.

"असं म्हणालास?"

"हो. आणि तू पाना मागत होतास."

"अरे लेका," सलूनवाला हळूच म्हणाला, "मग सात वाजता प्रार्थना झाली होती. एकच झाली. पण ती तुझी होती."

ड्रायव्हरने त्याच्याकडे वळून बघितलं, गळ्याशी वस्तरा असताना बघू नये तसं. मी कुठे केली, म्हणाला. मी तर नुसतं तुझ्याकडे बोट दाखवलं. सलूनवाला म्हणाला, की बोट दाखवलंस ते कोणाला? आम्ही रविवारी गळा काढून करतो तेही एवढंच असतं. फक्त आम्ही बोट दाखवायला जास्त वेळ लावतो.

एक गाडी येऊन उभी राहिली तेव्हा ड्रायव्हरने बटण दाबलं आणि ती फलाट सहावर लागत असल्याचं जाहीर केलं. स्थानकात फलाट पाचच होते. बाहेरची माणसं बोचकी उचलून इकडे तिकडे बघायला लागली आणि समोरच्या कचेरीतून नियंत्रकाने हात हलवून विचारलं, काय चाललंय. ड्रायव्हरने चूक सुधारली, बटण सोडलं, दोनदा तपासलं.

"आत्ता कर," तो म्हणाला. "माझ्यासमोर. घरी काय करतोस त्याचा मला भरवसा नाही. आणि डोळे उघडे ठेव, हातात वस्तरा आहे."

सलूनवाल्याने अशी प्रार्थना कधी केली नव्हती. चर्चमधला खणखणीत आवाज त्या खोक्यात मावला नसता. डोळे उघडे ठेवून, ड्रायव्हरच्या हनुवटीकडे बघत तो म्हणाला, "येशू बाबा, हा माझा मित्र आहे. याचा उजवा डोळा बरा कर. त्याला भीती वाटते, तर तिथे त्याच्याजवळ राहा. मी त्याला फसवलं. मला माफ कर. आमेन."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं मोठी असते." ड्रायव्हरने गालावरून हात फिरवला. मंगळवारी जाणार का, ते त्याने सांगितलं नाही. सलूनवाला कापड सोडता सोडता म्हणाला, की मी मात्र सात वाजता असेन. ड्रायव्हर म्हणाला, ते तू मागच्या वेळीही म्हणाला होतास. सलूनवाल्याने वस्तरा पुसला, वाटी उचलली आणि खोक्याचं दार ओढून घेतलं.

सोमवारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं, पण कापड मुकाट्याने झटकलं जात होतं. दोन-तीन जण कंगवा चाचपत रेंगाळले. शेवटी दोन भोवरेवाल्याने तोंड उघडून विचारलंच, की आमच्यासाठी प्रार्थना बंद केलीस की काय. सलूनवाल्याने सांगितलं, की आज हातात एकच आहे, ती नीट होऊ दे. तुमचं काय आहे ते सांगा, बुधवारी तुमची पाळी धरतो. गृहस्थ जरा नाराज झाले. म्हणायला काय जातं तुझं, असं पुटपुटत पायऱ्या उतरले आणि अर्ध्यातून परत येऊन म्हणाले, बरं, बुधवारी, पाठीचं दुखणं आहे.

मंगळवारी सलूनवाला सव्वासहालाच स्वयंपाकघराच्या फरशीवर होता. मित्र दवाखान्यात गेला की घरी पांघरूण ओढून पडला, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून त्याने दोन्ही धरून चालायचं ठरवलं. टेबलावर असेल तर डोळ्यासाठी, पांघरुणात असेल तर माणसासाठी. बायकोने त्याच्याभोवतीने हळूच जाऊन गॅसवर दूध ठेवलं.

सातला पाच मिनिटं कमी असताना बाहेरच्या खोलीत फोन वाजला. ती लगबगीने गेली.

"वहिनी," पलीकडून ड्रायव्हरचा आवाज आला, आवाजापाठी स्ट्रेचरची चाकं फिरल्याचा खडखडाट. "कात्रीवाला कुठाय?"

"गुडघ्यावर आहेत, भाऊजी."

"खरंच?"

तिने मान लांब करून स्वयंपाकघरात पाहिलं. खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि ते ड्रायव्हरलाही माहीत होतं. म्हणून तर त्याने दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं.

"खरंच. सव्वासहापासून. बोलावू का?"

पलीकडे कोणीतरी त्याला फोन ठेवायला सांगत होतं. "नको, नको, उठवू नका त्याला," तो घाईने म्हणाला. "मला आत घेतायत." आणि फोन बंद झाला.

ती फोन हातात धरून उभी राहिली. भाऊजी दवाखान्यात पोचले आहेत, ही बातमी आता फक्त तिच्याकडे होती, आणि सांगायची मात्र नव्हती. बालवाडीत रोज वीस मुलांना ती शिकवायची, की समोरच्याचं होईपर्यंत थांबावं, मध्ये बोलू नये. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकली, आणि नवऱ्याचं होईपर्यंत थांबायला लागली. दूध वर येत होतं.